बफरअण्णा

गाणं चालू असताना गाण्याकडे लक्ष जाऊ न देणं ही मोठी साधना आहे, आणि बफरअण्णांना ती साधलेली आहे. काचेपलीकडे गायक डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून आळवत असतो. पेटीवाला मान डोलवत असतो. गायकाबरोबर आलेले दोन मेहुणे भारावून मोबाइलवर चित्रण करत असतात. आणि अण्णा हेडफोनची एक बाजू उजव्या कानावर दाबून, मान तिरकी करून, गाण्याच्या मागे काही हालचाल आहे का ते हुंगत असतात. गाणं संपतं. गायक आशेनं इकडे बघतो. अण्णा म्हणतात, "दुसऱ्या कडव्याच्या आधी तू श्वास घेतलास बघ, तिथं मागं कायतरी गुणगुणलालं. परत घेऊ की."

"पण अण्णा, गाणं कसं झालं?"

"कुठलं?"

अण्णांचं खरं नाव लाइटबिलावर असेल. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या परिसरात ते कुणी वापरत नाही. कॉम्प्युटर, माइक जोडता येतील असा वीतभर ऑडिओ इंटरफेस आणि सासऱ्यांची रिकामी खोली, एवढ्या भांडवलावर आता कुठल्याही गावात स्टुडिओ निघतो, आणि प्रत्येक स्टुडिओत थोड्याफार फरकानं असा एक अण्णा बसलेला असतो. इतर गावांतले अण्णा खरखर निघाली की वैतागतात. आमचे अण्णा उजळतात. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं असेल तर दुपारी त्यांचा चेहरा उतरलेला दिसतो आणि ते विनाकारण केबली उपसून परत लावायला घेतात. अशा वेळी कुणी धावत येऊन "अण्णा, माझ्याकडं रेकॉर्डिंगमधे मधेच टक्‌-टक्‌ येलालंय" असं सांगितलं, की त्या माणसाला चहा मिळतो.

मी रिक्षा-जाहिराती लिहितो. म्हणजे "चला चला, बंपर सेल" वगैरे जे तुमच्या गल्लीतून भर दुपारी भोंग्यावर जातं, त्यातले बरेच शब्द माझे असतात. त्यामुळे माझं तिथं कायमचं येणं-जाणं. स्टुडिओ एका हॉटेलच्या वर आहे. जिन्यात पहिल्या पायरीला भजी, शेवटच्या पायरीला सोल्डरिंगचा धूर, असा वासाचा क्रम आहे. आत गेलं की चारी भिंतींना सोलापुरी चादरी. कुणा कारखानदार मित्राकडून आलेला डागी माल आहे. मोराच्या जोड्या, वेलबुट्टी, आणि एका भिंतीवर विणताना डोकं उडालेला हत्ती. काही जण भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात, त्यांच्याबद्दल अण्णांचं मत चांगलं नाही. "त्यात अंडी ठेवावीत." चादरीचं मात्र ते शास्त्र सांगतात: जाड सुती कापड भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलं की टाळ्या-चिपळ्यांसारखा बारीक, तीक्ष्ण आवाज ते पिऊन टाकतं. ढोलकीचा धुम्म मात्र चादरीला विचारतही नाही, सरळ भिंतीतून शेजारी जातो. शेजारी डेंटिस्टचा दवाखाना आहे. तिथले पेशंट म्हणे ढोलकीवर तोंड उघडतात.

आता सात रस्ता म्हणजे खरोखरच सात रस्त्यांचं तोंड. विजापूर रोडकडून एस.टी. येते, रेल्वे लाइन्सकडून रिक्षा येतात, रंगभवनाकडून मिरवणूक येते, आणि या सगळ्यांना एकाच क्षणी पुढं जायचं असतं. हॉर्न वाजवण्यात सोलापूरकर कुणाला हार जाणारा नाही. अशा नाक्यावर रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढणं म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "भाडं कमी." मग जरा विचार करून म्हणाले, "आणि मालक, हॉर्नचं काय आहे, तो बाहेरचा. तो सांगून येतो. थांबायचं, जाऊ द्यायचं, परत घ्यायचं. माझं भांडण आतल्याशी हाय."

या एका वाक्यात अण्णा आहेत. एस.टी.चा भोंगा गाण्यात आला तर ते शांतपणे पुसून टाकतात. पण तारेतून, चिपेतून, प्लगमधून आलेला, माशीच्या पंखाएवढासुद्धा आवाज त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो.

त्यांचा कान हा गावातला एक चमत्कार मानला जातो. ढोलकीवाल्याच्या खिशात अजून बटणांचा फोन आहे. गाणं चालू असताना अण्णा एकदम हात वर करतात आणि माइकमधून म्हणतात, "उचल बे, घरनं फोन येतोय." ढोलकीवाला खिशाकडे बघतो. फोन गप्प. आणि दोन क्षणांनी वाजतो. नवीन माणूस हे पाहून पाया पडायच्या बेतात येतो. यात चमत्कार काही नाही. टू-जी फोन टॉवरशी बोलतो तो तुटक-तुटक, सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचे झटके देत. रिंग वाजण्याआधीच ते बोलणं सुरू झालेलं असतं, आणि जवळपासच्या केबलीत ते "टिडिक-टिडिक-टिर्रर्र" असं उतरतं. अण्णा हे सगळ्यांना सांगतात. लोकांना तरी चमत्कारच बरा वाटतो.

गाण्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दोष राहतात. "ते फ्रीजवालं लग्नगीत", "ते वायफायचं भजन", "त्या नगरसेवकाचं, ते गं, चाळीस सेकंदाला उडणारं प्रचारगीत." खालच्या हॉटेलचा फ्रीज जेव्हा जेव्हा चालू होतो तेव्हा त्या ठिणगीचा एक बारीक 'टप्‌' लाइनीतून वर येतो. अण्णांनी हॉटेलमालकाशी करार केला आहे. गायक केबिनमध्ये शिरला की खाली दोरी ओढायची, घंटा वाजते, फ्रीज बंद. कधीकधी रियाज नसलेला गायक भेटतो आणि खालची लस्सी गरम होते.

बफर हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या एका व्याख्यानावरून. सोलापूरकराला बफर समजावणं जगात सगळ्यात सोपं, असं त्यांचं म्हणणं आहे.

"नळाला पाणी किती दिवसानी येतंय?"

"चार-पाच."

"मधे काय वापरतोस?"

"टाकी."

"झालं की मग. तेच."

कॉम्प्युटर आवाज सलग सोडत नाही, गठ्ठ्यानं सोडतो. आणि साउंडकार्डाला मात्र तो सलग लागतो, सेकंदाला ४४,१०० तुकडे, एकही कमी चालत नाही. म्हणून मधे टाकी. टाकी ६४ तुकड्यांची ठेवली तर ती दीड मिलिसेकंदात रिकामी होते. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरनं परत येऊन भरलीच पाहिजे. आणि कॉम्प्युटर हा काही तुमच्या एकट्याच्या गाण्याचा नोकर नव्हे. त्याच वेळी त्याला वायफायचं पोस्ट बघायचं असतं, अँटिव्हायरसला घर झाडायचं असतं, विंडोजला कुठलंतरी अपडेट गुपचूप उतरवायचं असतं. एकदा यायला उशीर झाला की टाकी कोरडी, आणि तुमच्या सुरेल तानेत 'टक्‌'. मग टाकी मोठी करायची. १०२४ केली की २३ मिलिसेकंदांची बेगमी झाली, कॉम्प्युटर आरामात आला तरी चालतं. पण मोठ्या टाकीत पाणी शिळं होतं. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो.

हा उशीर माणसाचं काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्याच एका चादर-सेलच्या जाहिरातीचा निवेदक होता, बोलण्यात पट्टीचा. त्या दिवशी टक्‌ जाईना म्हणून अण्णांनी टाकी २०४८ वर नेऊन ठेवली. जाताना तेवढी, येताना तेवढी, म्हणजे जवळपास सेकंदाचा दहावा हिस्सा. निवेदकानं "चला चला" म्हटलं. त्याच्याच कानात मागून कुणीतरी "चला चला" म्हणालं. सभ्य माणूस, त्याला वाटलं आधी त्याचं होऊ द्यावं. तो थांबला. मागचाही थांबला. त्यानं सावकाश "सोलापूरकरांनो" म्हटलं, मागच्यानंही तितक्याच सावकाश. दोघं एकमेकांना "आधी तुम्ही" करत करत इतके मंदावले, की अर्ध्या मिनिटाची जाहिरात शोकसभेच्या गतीनं पुढं सरकू लागली. "आजच... या..." एवढं म्हणून तो केबिनच्या बाहेर आला आणि खुर्चीवर बसला. अण्णांनी इंटरफेसवरची एक गुंडी फिरवली. त्या गुंडीनं माणसाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ त्याच्या कानात जातो, उशीर संपतो. "ही आधी का नाही फिरवली?" निवेदकानं विचारलं. अण्णा म्हणाले, "आधी फिरवली असती तर उशीर किती होतोय ते कळलं नसतं की."

या उत्तरात त्यांना काही चुकीचं वाटत नाही. तास ते मोजतात, पण दोष शोधायचे तास बिलात लावत नाहीत. "दोष माझा, गाणं तुमचं. गाण्याचे पैसे द्या." वहिनींनी एकदा बसून हिशेब केला होता. वर्षभरात गाण्याचे तास थोडे आणि दोषाचे तास उदंड निघाले. त्या म्हणाल्या, "ह्या माणसाला कुणीतरी गाणी बंद करून नुसत्या बिघडलेल्या केबली आणून दिल्या तर आमचा संसार तोट्यात तरी शांततेत होईल."

अण्णांकडे एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, किराणा दुकानात उधारीला असते ती. तिच्यात दोष लिहिलेले असतात. तारीख, वेळ, लक्षण, संशयित, आणि शेवटच्या रकान्यात 'सिद्ध' किंवा 'निर्दोष सुटला'. मी ती चाळली आहे. यूएसबी हब: सिद्ध. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला डुलकी घेऊ देणारं विंडोजचं सेटिंग: सिद्ध. ट्यूबलाइटचा चोक: सिद्ध. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: सिद्ध, जन्मठेप, म्हणजे तो काढून जुना, काळ्या डब्याचा, गरम होणारा रेग्युलेटर बसवला. हार्डडिस्क: निर्दोष. (सगळे आधी हार्डडिस्कवर येतात, असं त्यांचं दुःख आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झला एक ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट एवढंच लिहितो; चोवीस ट्रॅकचे मिळून साडेतीन मेगाबाइटसुद्धा होत नाहीत. "एवढं तर ती झोपेत लिहिती.") इन्व्हर्टर: सिद्ध, वारंवार. वहीच्या पहिल्या पानावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' आणि त्याखाली दोन नियम लाल शाईत. पहिला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरा: खरखर सगळ्या ट्रॅकवर आहे का एकाच, ते आधी बघायचं.

पहिल्या नियमासाठी ते भांडतात. घाबरलेला माणूस केबल बदलतो, ड्रायव्हर बदलतो, बफर बदलतो आणि माइकला उदबत्तीही ओवाळतो. आवाज गेला तर कशानं गेला ते कळत नाही आणि पुढल्या आठवड्यात उदबत्ती तेवढी चालू राहते.

मे महिन्यात अण्णांचा हंगाम असतो. पारा ४३-४४ वर गेला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जिवाच्या भीतीनं आपला वेग आपणच कमी करतो. मग ६४ची टाकी सोडा, ५१२चीही भरेनाशी होते. अशा वेळी स्टुडिओतला एकमेव टेबलफॅन कॅबिनेटचं झाकण काढून कॉम्प्युटरला लावला जातो. केबिनमध्ये गायकाला पंखा नाहीच, कारण पंख्याचा वारा माइकमध्ये येतो. गायक टॉवेल घेऊन आत जातो. टॉवेलही सोलापुरीच.

आणि उन्हाळ्यात वर येते ती घरघर. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, त्यामुळे घरघरीला स्वतःचा पक्का सूर आहे. पेटीवर शोधला तर पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बरंच खाली, म्हणजे कुठल्याच पट्टीत न बसणारा. अण्णा त्याला विजेचा षड्‌ज म्हणतात. कॉम्प्युटर एका प्लगवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगवर, दोघांना अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं, आणि मधून ऑडिओ केबल जोडलेली: झाला फेरा पूर्ण, त्यात वीज गोल फिरते आणि घरघरते. उपाय साधा आहे, सगळं एकाच बोर्डावर आणायचं आणि तीन तारांची बॅलन्स्‌ड केबल वापरायची. पण लोकांना त्याहून साधा उपाय माहीत आहे. प्लगची तिसरी, जाड पिन मोडून टाकायची. घरघर जाते. तिच्याबरोबर अर्थिंगही जातं, आणि एखाद्या दिवशी माइकला ओठ टेकवणारा गायकही जाऊ शकतो.

एरवी मऊ असलेले अण्णा इथं मात्र पेटतात. एकदा एक ऑर्केस्ट्रावाला आपला ॲम्प्लिफायर घेऊन आला, प्लगला दोनच पिना. अण्णांनी त्याला दारातच थांबवलं. "तिसरी कुठाय?" तो हसून म्हणाला, "ती घरघर करायची अण्णा, मोडली." अण्णांनी त्याला जिन्यातून खाली पाठवलं आणि नवा प्लग आणल्याशिवाय वर घेतलं नाही. "घरघर असू दे. मरत नाही माणूस घरघरीनं." खरखरीचा जन्मभराचा वैरी जेव्हा असं म्हणतो तेव्हा त्याची किंमत समजावी.

तर अशाच एका मेमध्ये आप्पा आले. आप्पा म्हणजे जुने शाहीर, वय ऐंशीच्या पुढं. पुण्याला आयटीत असलेला नातू सुट्टीला आला होता, आजोबांचा चार हुतात्म्यांचा पोवाडा नीट रेकॉर्ड करून ठेवायचा त्याचा बेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मे महिन्यातलं सोलापूर, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यातली फाशी. आप्पांनी हा पोवाडा जन्मभर गाऊन तो कुठं लिहूनही ठेवला नव्हता. तोंडात होता तेवढाच.

आप्पा केबिनमध्ये, ढोलकी आणि तुणतुणं बाहेर, तिघांना वेगळे माइक, वेगळे ट्रॅक. पहिला टेक झाला. आवाज असा लागला होता की काचेला कान लावावा. अण्णांनी हात वर केला. "टक्‌ येलालंय."

मग सुरू झालं. बफर १२८वरून २५६. टक्‌. ५१२. टक्‌. वायफाय बंद. अँटिव्हायरस बंद. यूएसबी केबल बदलली, पुढच्या भोकातून मागच्या भोकात. दोरी ओढली, फ्रीज बंद. ढोलकीवाल्याचा फोन जिन्यात नेऊन ठेवला. प्रोसेसरला टेबलफॅन जवळ सरकवला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, प्रत्येक वेळी वहीत नोंद, प्रत्येक वेळी आप्पांचा पोवाडा पहिल्यापासून. नातवाला घाम फुटला, आप्पांना नाही. म्हातारा माणूस, तीन-तीन तास गायची सवय. त्यांना वाटलं शहरात पोवाडा असाच घेत असतील.

मधेच घरघरही वाढली. अण्णा मागच्या बोळात जाऊन अर्थिंगचा खड्डा बघून आले. मीठ, कोळसा घालून पुरलेली नळी. भोवतालची माती भेगाळून पांढरी पडलेली. जमीन अशी सुकली की अर्थिंगला धरायला काही उरत नाही. उपाय एकच, पाणी ओतायचं. पाण्याचा दिवस परवा. हॉटेलवाल्यानं बादली द्यायला साफ नकार दिला. आधीच त्याची लस्सी गेली होती. शेवटी आप्पांसाठी नातवानं आणलेल्या पाण्याच्या बाटल्या खड्ड्यात गेल्या. "आप्पांना काय?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "आप्पांना चहा सांगा." घरघर अगदी गेली नाही, पण मीटरची हिरवी पट्टी दोन बोटं खाली आली, आणि अण्णांनी मातीकडं समाधानानं पाहिलं.

टक्‌ मात्र जागेवर.

संध्याकाळी केव्हातरी अण्णांनी वहीचं पहिलं पान उघडलं. दुसरा नियम. तो त्यांनीच लिहिलेला होता, आणि सबंध दिवस त्यांनी तो पाहिला नव्हता. माझ्या मते त्यांना तो पाहायचाच नव्हता. गुन्हेगार कॉम्प्युटर निघावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. कॉम्प्युटरची टाकी रिकामी झाली तर ती सगळ्यांची एकदम होते. टक्‌ ढोलकीवर, तुणतुण्यावर, आवाजावर, तिन्ही ट्रॅकवर एकाच क्षणी यायला हवा. त्यांनी ट्रॅक एकेक करून ऐकले. ढोलकी स्वच्छ. तुणतुणं स्वच्छ. टक्‌ फक्त आप्पांच्या ट्रॅकवर.

म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. अण्णा क्षणभर खचले, मग उठले. आप्पांच्या माइकची केबल बदलली. टक्‌. माइक बदलला. टक्‌. दुसऱ्या चॅनेलवर लावलं. टक्‌. आप्पांना केबिनबाहेर ढोलकीच्या जागी बसवलं, तर टक्‌ही केबिनबाहेर आला. दोष आप्पांच्या मागं-मागं चालत होता. अण्णा हेडफोन काढून आप्पांच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आप्पा, नुसतं बोला बघू."

"काय बोलू?"

टक्‌.

स्टुडिओत सगळ्यांना एकदम कळलं आणि सगळे चादरीवरच्या हत्तीकडे बघू लागले. आप्पांच्या कवळीबद्दल आप्पांना सांगायचं कुणी? अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी नातवाकडं, नातू जमिनीकडं. शेवटी ढोलकीवाला म्हणाला, "आप्पा, दात वाजतेत तुमचे. काढा की जरा."

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी फेट्याचं टोक सारखं केलं. "काढतो की. पण चौघांची नावं म्हणून बघा. धनशेट्टी. हुसेन. शिंदे. श्रीकिसन सारडा. एकाच्या तरी नावात 'श', 'स' नाही असं हाय का? बिनदाताच्या तोंडानं मी त्यांची नावं बोबडी घेऊ? ही कवळी त्यासाठीच बसवली मी. जेवायला काय, भाकरी कुस्करून चालते मला."

नातू धावत जाऊन मेडिकलमधून कवळी चिकटवायची पेस्ट घेऊन आला. आप्पांनी चष्मा लावून ट्यूबवरचं सगळं वाचलं आणि ट्यूब परत दिली.

मग जो टेक घेतला तो दातांसकट घेतला. हात कुणी वर केला नाही.

नंतरचं काम अण्णांनी रात्री एकट्यानं केलं. पडद्यावर आवाजाची लाट मोठी करत न्यायची, इतकी मोठी की एक 'टक्‌' म्हणजे हाताएवढा काटा दिसतो. मग पेन्सिलच्या टोकानं तो काटा सपाट करून दोन्ही बाजूंची रेघ जुळवायची. टक्‌ नेमका कुठं आहे हे कळायला आधीचं अक्षर ऐकावं लागतं, अक्षरासाठी शब्द, शब्दासाठी ओळ. सकाळी मी गेलो तेव्हा अण्णा डोळे लाल करून बसले होते आणि पोवाडा त्यांना पाठ झाला होता, आपल्या पद्धतीनं. "शिंद्यांच्या आधी एक होता. सारडांच्या नंतर दोन. येरवड्यापाशी चार, तिथं आप्पा चिडतात बघा." एक टक्‌ त्यांनी काढला नव्हता. "तो ढोलकीच्या थापेवर पडलाय, बरोब्बर समेवर. तालात हाय, राहू दे." ढोलकीवाला तो आपलाच आहे असं सांगत फिरतो.

त्या वहीत शेवटच्या रकान्यात त्या दिवसाची नोंद मी मुद्दाम शोधली. संशयितांची लांबलचक यादी, सगळ्यांपुढं 'निर्दोष सुटला', आणि तळाशी फक्त 'आप्पा'. पुढचा रकाना कोरा.

जानेवारीत १२ तारखेला एका मंडळानं आपल्या गल्लीत तो पोवाडा लावला. आप्पा पहिल्या रांगेत, नवा फेटा. भोंग्याचं बटण दाबलं आणि पोवाड्याच्या आधी, पोवाड्याच्या खाली, गल्लीभर पसरून, 'घुंऽऽ' आलं. पांढरी पाचच्या जरा वर. लोकांना काही नाही. त्यांना वाटलं असेल जुन्या काळचा सूर. माझ्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी झाली होती.

पोवाडा येरवड्यापर्यंत आला. चौघांची नावं सुरू झाली, एकेक 'श', एकेक 'स' लखलखीत, आणि माणसं आपोआप उभी राहिली. स्टेजखालच्या पडद्यातून दोन पाय बाहेर आले होते, त्यांवरची चप्पल माझ्या ओळखीची होती.

"तिसरी पिन कुठाय बे?" आतून आवाज आला.

मंडळाचा पोरगा वाकून म्हणाला, "प्लगच नाही मालक. तारा काडीपेटीच्या काड्यांनी खोचल्यात. श्श, नावं चालू हायत."

"नावं चालू दे की. तू तेवढी बॅटरी मार इकडं."